मनाच्या दुखण्यावर संवादाचा उपचार : दूरध्वनीची सोय आणि गावाचे कर्तव्य

भैंसा हे शहर कापसाच्या बाजारपेठेसाठी सीमाभागात प्रसिद्ध आहे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे शहर ११ ऑक्टोबर २०१६ पासून तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात समाविष्ट झाले. त्याही आधी, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी, मुधोळ तालुक्याचा हा मुलूख हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात होता. जिल्हे बदलले, राज्ये बदलली, परंतु सोयरिकी बदलल्या नाहीत. भोकर, धर्माबाद, उमरी, नांदेड या गावांशी येथील मराठी कुटुंबांचे लेकी-सुनांचे नाते आजही अखंड आहे. त्यामुळे येथील माणूस कचेरीत तेलुगू बोलतो, बाजारात हिंदी-उर्दूत भाव करतो आणि घरी मराठीत सुखदुःख सांगतो. तीन भाषांत व्यवहार करणाऱ्या या माणसाला मनाचे दुखणे मात्र एकाही भाषेत, कोणापाशीही बोलता येत नाही, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

कपाशीवर बोंडअळी पडली तर शेतकरी कृषी अधिकाऱ्याकडे धाव घेतो. बैल खात नसेल तर गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. परंतु महिना महिना झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, उगाच धडधड होते, जीव नकोसा वाटतो, ही लक्षणे अंगावर काढली जातात. फार झाले तर देवऋषी गाठला जातो, किंवा 'लोक काय म्हणतील' या धास्तीने दार लावून घेतले जाते. अशा दुखण्यांपैकी बऱ्याच दुखण्यांवर संवाद हाच एक शास्त्रीय उपचार आहे आणि तो आता दूरध्वनीवरून व इंटरनेटवरूनही मिळू शकतो. हा उपचार कसा चालतो, कोणाला उपयोगी पडतो, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि तो घरापर्यंत पोहोचावा म्हणून गावाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजार किती, उपचार किती

बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने (निमहान्स) २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले. त्यात असे दिसून आले की, दर १०० प्रौढांपैकी १० ते ११ व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. १३ ते १७ वयोगटातील मुलामुलींमध्ये हे प्रमाण शेकडा ७.३ होते. आजारी असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत शेकडा ७० ते ९२ इतके आढळले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र व तेलंगणा यांचा समावेश नव्हता. म्हणून हे आकडे आपल्या तालुक्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि, त्यांवरून प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. दहा आजाऱ्यांपैकी सात किंवा त्याहून अधिक जण उपचाराविना राहतात आणि या सातांपैकी बहुतेकांच्या दुखण्याची वार्ता शेजारच्या घरालाही नसते.

शासनाने या प्रश्नाकडे पाहिले नाही असे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हाती घेण्यात आला. तरीही मानसोपचारतज्ज्ञांची संख्या मर्यादित आणि तेही मुख्यतः शहरांत, अशी स्थिती राहिली. भैंशाच्या माणसाला हैदराबादच्या एर्रागड्डा येथील मानसिक आरोग्य संस्थेत जायचे तर दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो आणि 'कुठे गेला होतात?' या प्रश्नाचे उत्तर परत आल्यावर गावाला द्यावे लागते. यांतील शेवटचा खर्च सर्वांत जड असतो.

बोलणे हा उपचार कसा?

'नुसते बोलून काय होणार?' अशी शंका अनेकांच्या मनात येते. ती रास्त आहे. कारण गप्पा, उपदेश आणि संवादोपचार या तीन निराळ्या गोष्टी आहेत. गप्पांनी मन हलके होते, पण दुखण्याचे मूळ तसेच राहते. 'धीर धर, सगळे ठीक होईल' हा उपदेश प्रेमाचा असला, तरी ऐकणाऱ्याला आपले दुःख कोणी समजूनच घेतले नाही असे वाटू लागते. संवादोपचारात प्रशिक्षित व्यक्ती ठराविक वेळी, ठराविक पद्धतीने आणि गुप्ततेच्या हमीवर आपल्याशी बोलते. ती निवाडा करीत नाही, घाईने सल्ला देत नाही. प्रश्न विचारून आपल्याच विचारांची व वर्तनाची गाठ आपल्याकडून सोडवून घेते.

एक उदाहरण घेऊ. समजा, कापसाचा भाव पडला आणि कर्ज फिटले नाही. ही झाली घटना. तिच्यावरून शेतकऱ्याच्या मनात विचार येतो, 'मी घर बुडवले, आता मला तोंड दाखवायला जागा नाही.' त्या विचारातून निद्रानाश, चिडचिड, दारू, माणसे टाळणे हे परिणाम उद्भवतात. आपण समजतो की घटनेमुळेच हे सारे घडले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीनुसार, घटना आणि परिणाम यांच्यामध्ये आपला विचार उभा असतो व तो तपासून पाहता येतो. भाव पडला हे खरे. पण तो एकट्याचा पडला काय? कर्ज आहे हे खरे. पण कर्ज असणे आणि माणूस कुचकामी असणे एकच काय? असे प्रश्न पुनःपुन्हा विचारून मनातली गाठ सैल केली जाते. कर्ज त्याने नाहीसे होत नाही. कर्जाविषयी बँकेत जाऊन बोलण्याचे बळ मात्र परत येते. ही पद्धती महाराष्ट्रात रुजविण्याचे काम मुंबईचे प्रा. कि. मो. फडके यांनी केले. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार दीर्घकाळ चालला होता.

दुसरी पद्धत वर्तनाकडून सुरुवात करते. उदास माणूस कामे सोडतो. कामे सोडल्याने समाधान मिळत नाही आणि समाधान नसल्याने उदासी वाढते. हे चक्र उलटे फिरविण्यासाठी समुपदेशक रोज एखादे छोटे, जमण्याजोगे काम ठरवून देतो. सकाळी शेताच्या बांधापर्यंत जाऊन येणे, जुन्या मित्राला भेटणे, भजनाला बसणे, अशी ती कामे असतात. गोव्यातील 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत या पद्धतीची कसोटी घेतली. मानसशास्त्राचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक करण्यात आले. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर ६ ते ८ बैठका घेतल्या. या कसोटीचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनंतर या गटातील शेकडा ६४ रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण शेकडा ३९ होते. बोलणे हा उपचार आहे की नाही, या शंकेचे उत्तर या आकड्यांत आहे.

याच सुमारास विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबविण्यात आला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मानसिक आरोग्याविषयी बोलण्यास आरंभ केला. तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून दीड वर्षात २७.२ वर गेले. कापूस पिकवणाऱ्या आणि कर्जाची चिंता वाहणाऱ्या त्या गावांची परिस्थिती आपल्याहून फार वेगळी नाही.

दूर अंतरावरून सल्ला : एक जुनी वाट

समोर न बसता मनातले बोलणे हे आजच्या यंत्रयुगाचे नवे खूळ आहे, असे कोणी समजू नये. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या कामजीवनाविषयीच्या व वैवाहिक अडचणींच्या पत्रांना उत्तरे दिली जात. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर जे उच्चारणे अशक्य होते, ते माणसे त्या संपादकाला पत्राने विचारीत. १९५३ पर्यंत ते मासिक चालले. त्याच वर्षी लंडनमध्ये चॅड वारा या धर्मोपदेशकाने जीवनाला कंटाळलेल्यांसाठी दूरध्वनीवरून ऐकून घेण्याची सेवा सुरू केली. पुढे 'समॅरिटन्स' या नावाने ती सर्वत्र ख्यातकीर्त झाली. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही दूरध्वनी व ई-मेलद्वारे समुपदेशन करणारी सेवा उघडली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनेही मराठीतून या विषयाची चर्चा घरोघरी नेली.

दूरध्वनीवरील उपचार समोरासमोरच्या उपचाराइतका गुणकारी असतो काय, या प्रश्नाचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील शिकागो येथे नैराश्याच्या ३२५ रुग्णांवर केलेली एक कसोटी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार संपला त्या वेळी दोन्ही गटांतील सुधारणा सारखीच होती. दूरध्वनीच्या गटात शेकडा २१ जणांनी, तर समोरासमोरच्या गटात शेकडा ३३ जणांनी उपचार मध्येच सोडला. मात्र सहा महिन्यांनंतर पाहता समोरासमोर उपचार घेतलेल्यांची प्रकृती काहीशी अधिक चांगली राहिली होती. तात्पर्य, दूरध्वनी माणसाला उपचाराशी बांधून ठेवण्यास मदत करतो. प्रत्यक्ष भेटीचे महत्त्व मात्र त्याने संपत नाही.

'टेलि-मानस' : कार्यपद्धती

केंद्र शासनाने १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय दूर-मानसिक आरोग्य कार्यक्रमाची घोषणा केली आणि जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, 'टेलि-मानस' ही सेवा सुरू झाली. निमहान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असते. तिचे क्रमांक १४४१६ आणि १८००-८९१-४४१६ असे आहेत. साधा, बटनांचा मोबाईलही त्यासाठी पुरेसा आहे. इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही.

क्रमांक लावल्यावर प्रथम भाषेची निवड करावयाची असते. ही सेवा २० भाषांत देण्याची योजना आहे व त्यांत मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू यांचा समावेश आहे. सीमेवर राहणाऱ्याने येथे विशेष लक्ष द्यावे. मराठीत बोलावयाचे असल्यास तसे आरंभीच स्पष्ट सांगावे. 'तेलुगू समजते, चालेल' असा संकोच करू नये. सातबारा किंवा पासबुकाविषयी परभाषेत बोलता येते. 'करमत नाही', 'जिवाला घोर लागला', 'काळजात कालवाकालव होते' हे ज्याला सांगावयाचे आहे, त्याला मायबोलीच हवी. उपचाराचे साधनच भाषा असेल, तर ती बोथट असून चालणार नाही.

पहिल्या टप्प्यावर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. आवश्यकता भासल्यास ते प्रकरण मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे सोपवितात किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात जाण्यास सांगतात. 'ई-संजीवनी' या दूरवैद्यक सेवेशीही ही व्यवस्था जोडलेली आहे. १० ऑक्टोबर २०२४ रोजी टेलि-मानसचे मोबाईल ॲप सुरू करण्यात आले व व्हिडिओवरून सल्ला देण्याची सोयही टप्प्याटप्प्याने उपलब्ध होऊ लागली. ज्यांना प्रत्यक्ष तपासणी हवी, त्यांच्यासाठी आदिलाबाद, निर्मल आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये तुलनेने जवळ आहेत.

इंटरनेटच्या सोयीबरोबर साध्या दूरध्वनीचे महत्त्व का राखावे, याचा अनुभव भैंशाला आहे. जानेवारी २०२० व मार्च २०२१ मध्ये शहराची शांतता भंगली. अशा प्रसंगी इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवावी लागते. दंगल शमल्यावर रस्ते मोकळे होतात. मनातली भीती इतक्या लवकर निघत नाही. मोठा आवाज झाला की दचकणारे मूल आणि रात्री दाराची कडी तीनदा तपासणारी आई कोणत्याही धर्माची असू शकते. त्यांना समुपदेशनाची गरज असते आणि त्या वेळी १४४१६ हा पाच आकडी क्रमांक पाठ असणे उपयोगी पडते.

प्रौढांसाठी

प्रौढ व्यक्तींच्या बाबतीत निद्रानाश, सततची चिंता, नैराश्य, आप्ताच्या मृत्यूचा शोक, बाळंतपणानंतरची उदासी आणि व्यसन ही संवादोपचार घेण्याची प्रमुख कारणे होत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर मदत घेण्याची वेळ आली असे समजावे. पुरुष बहुधा मनाच्या तक्रारी सांगत नाहीत. ते डोकेदुखी, अंगदुखी, पित्त यांविषयी बोलतात किंवा दारू वाढवितात. घरातील माणसांनी ही खूण ओळखावी.

जगावेसे वाटत नाही असे कोणी बोलून दाखविल्यास 'असले बोलू नये' म्हणून त्याला गप्प करू नये. शांतपणे ऐकावे, त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके त्याच्या हाती येणार नाहीत अशी कुलूपबंद ठेवावीत आणि तत्काळ १४४१६ किंवा ११२ वर संपर्क साधावा. पोलिसी कारवाईच्या भीतीने अनेक कुटुंबे असा प्रसंग लपवितात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर येते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, जुन्या दंडसंहितेतील आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम ३०९ ठेवलेले नाही. म्हणून उपचार घेण्यात कायद्याची आडकाठी नाही, हे गावोगाव सांगितले पाहिजे.

पती-पत्नींसाठी

संसारात भांडणे व्हायचीच, असे आपण म्हणतो. परंतु भांडणाचा विषय बदलत गेला आणि शब्द मात्र तेच राहिले, तर बोलण्याची रीतच बिघडली आहे असे समजावे. 'तुम्ही माझे कधी ऐकतच नाही' आणि 'तुला सांगून उपयोग नाही' ही दोन वाक्ये वर्षानुवर्षे एकमेकांवर आदळत असतात. समुपदेशक येथे कोणाची बाजू घेत नाही. एकाने बोलावे, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकावे आणि काय ऐकले ते आपल्या शब्दांत सांगावे, असा साधा नियम तो घालून देतो. अनेकदा असे आढळते की, ऐकणाऱ्याने निराळेच ऐकलेले असते. 'तुम्ही उशिरा येता' यात पत्नीला आपली काळजी सांगायची असते, तर पतीला त्यात आरोप ऐकू येतो.

कामासाठी पती हैदराबाद, मुंबई किंवा आखाती देशात आणि पत्नी गावी, अशी कुटुंबे या भागात आढळतात. अशा वेळी दोघांना एकाच खोलीत बसविणे शक्य नसते. दूरध्वनी किंवा व्हिडिओ बैठक ही त्यांच्यासाठी खरी सोय ठरते. सासू-सासऱ्यांनी अशा वेळी 'आमच्या घरातले बाहेर का सांगता?' असे म्हणू नये. घर टिकावे म्हणूनच हे बोलणे चाललेले असते.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. जेथे मारहाण, धमकी किंवा भीती आहे, तेथे पती-पत्नींची एकत्रित बैठक योग्य नव्हे. बैठकीत स्त्री जे बोलली, त्याची किंमत तिला नंतर घरी मोजावी लागण्याचा धोका असतो. अशा स्त्रीने स्वतंत्रपणे व सुरक्षित ठिकाणाहून बोलावे. तिच्यासाठी १८१ हा महिला साहाय्य क्रमांक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ चे साहाय्यही तिला मिळू शकते.

किशोरवयीनांसाठी

बासरच्या सरस्वती मंदिरात सीमेच्या दोन्ही बाजूंची बालके पाटीवर पहिले अक्षर गिरवितात. त्या अक्षराची पुढे गुणपत्रिका होते आणि आनंदाची जागा धास्ती घेते. तेलंगणात एप्रिल २०१९ मध्ये इंटरमीजिएटच्या निकालानंतर काही विद्यार्थ्यांनी प्राण गमावले. त्या घटनांनी पालक व शिक्षक या दोघांनाही अंतर्मुख केले. कोणत्याही आत्महत्येमागे एकच कारण नसते. तरीही निकालाचा दिवस हा मुलांना एकटे ठेवण्याचा दिवस नव्हे, एवढा धडा सर्वांनी घ्यावा.

किशोरवयातील मूल 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. ते चिडते, शाळा बुडविते, मित्र सोडते, रात्री मोबाईल घेऊन जागते, जेवणावरून उठून जाते. मोबाईल काढून घेणे हा पालकांचा पहिला उपाय असतो. परंतु ज्या यंत्रावर तो चुकीच्या वाटेला लागेल अशी भीती आहे, त्याच यंत्रावरून त्याला मदतही मागता येते, हे ध्यानात ठेवावे. मूल टेलि-मानसवर बोलू शकते. संकटात सापडलेल्या बालकांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, अल्पवयीन मुलाला डॉक्टरचा दूरस्थ वैद्यकीय सल्ला घ्यावयाचा असल्यास सोबत प्रौढ व्यक्ती असावी लागते. म्हणून औषधोपचाराची वेळ आल्यास पालकांना दूर ठेवता येत नाही.

मुलाने काय सांगितले ते समुपदेशकाने सगळेच पालकांना सांगावे, असा आग्रह धरू नये. गुप्तता नसेल तर मूल बोलणारच नाही. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल तर गुप्ततेला मर्यादा पडते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार ती कळविणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाला आधीच समजावून सांगणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

खरी उणीव : एकांत

आतापर्यंतच्या विवेचनावरून एक गोष्ट लक्षात येईल. तज्ज्ञ दूर असला तरी त्याचा आवाज जवळ आला. क्रमांक विनामूल्य झाला. मोबाईलही बहुतेक घरी पोहोचला. मग अडते कोठे? अडते ते एकांतापाशी. दोन खोल्यांच्या घरात सात माणसे राहतात. मोबाईल एकच आणि तोही बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. सुनेने अर्धा तास कोणाशी हळू आवाजात बोलणे म्हणजे संशयाला निमंत्रण. मुलगा गच्चीवर जाऊन बोलला तर शेजारी कान देतो. ज्या उपचाराला औषध लागत नाही, खाट लागत नाही, त्याला बंद दार आणि अर्धा तास एवढेच लागते, आणि नेमके तेच मिळत नाही.

ही उणीव मुख्यतः गावालाच भरून काढता येईल. त्यासाठी पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत :

१. ग्रामपंचायत, वाचनालय किंवा आरोग्य उपकेंद्रातील एक खोली आठवड्यातून दोन दिवस ठराविक वेळी 'बोलण्याची खोली' म्हणून मोकळी ठेवावी. तिच्यावर मानसोपचाराची पाटी लावू नये. इतर कामांसाठीही लोक तेथे येत असतील तर उत्तमच. कोण कशासाठी आले, याची नोंद ठेवू नये.

२. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्याकडे स्त्रिया मोकळेपणाने येतात. त्यांनी क्रमांक लावून द्यावा, भाषा निवडून द्यावी आणि मग खोलीबाहेर जावे. आत काय बोलणे झाले ते विचारू नये.

३. शाळेत मुख्याध्यापकांनी १४४१६ व १०९८ हे क्रमांक पाण्याच्या टाकीजवळ, जेथे मूल सहज थांबते अशा ठिकाणी, मराठी, तेलुगू व उर्दूत लिहून ठेवावेत. सूचनाफलकासमोर उभे राहून क्रमांक टिपून घेणे मुलांना अवघड वाटते.

४. कापूस विक्रीच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात, जेथे शेतकरी वजनाची वाट पाहत तासन्‌तास बसतात, तेथे या सेवेची माहिती ध्वनिक्षेपकावरून द्यावी.

५. सरपंच, पंचायत सचिव व पोलीस कर्मचारी यांनी मदत मागणाऱ्याचे नाव चारचौघांत उच्चारू नये. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम २३ नुसार मानसिक आजाराविषयीची माहिती गुप्त राखली जाणे हा रुग्णाचा हक्क आहे.

मर्यादा आणि दक्षता

दूरध्वनीवरील संवाद हा सर्व रोगांवरील रामबाण नव्हे. भास होणे, संशयाने पछाडणे, स्वतःला अथवा इतरांना इजा करण्याची प्रवृत्ती, दारू सोडताना येणारी थरथर किंवा झटके, अशा अवस्थेत रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे. चालू असलेली औषधे दूरध्वनीवर बोलून बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. कर्ज, बेकारी, पाण्याची टंचाई या प्रश्नांना समुपदेशन हा पर्याय नाही. त्या प्रश्नांची सोडवणूक त्या त्या खात्यानेच केली पाहिजे. 'जा, समुपदेशकाशी बोल' असे सांगून कोणत्याही अधिकाऱ्याने हातातील अर्ज बाजूला ठेवू नये.

खाजगी ॲपद्वारे पैसे घेऊन समुपदेशन करणाऱ्या अनेक सेवा निघाल्या आहेत. त्यांतील काही चांगल्या आहेत. परंतु सेवा घेण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : आपले शिक्षण व नोंदणी काय आहे? आमचे बोलणे कोठे साठविले जाते व कोण ऐकते? तातडीच्या प्रसंगी आपण काय करता? चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचा असतो. जो समुपदेशक बँकेची माहिती किंवा मोबाईलवर आलेला गुप्त संकेतांक विचारील, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

समारोप

देवीची लस आली तेव्हा ती टोचून घेण्यास लोक घाबरत. कुटुंबनियोजनाचा शब्द उच्चारताना लाजत. आज त्या गोष्टी सर्वसामान्य झाल्या, कारण परिचारिका, शिक्षक, ग्रामसेवक यांनी त्यांचा पुरस्कार घरोघर केला. मनाच्या आरोग्याचे कार्यही त्याच मार्गाने जाणार आहे. शासनाने क्रमांक दिला आहे. त्या क्रमांकापर्यंत पोहोचण्यासाठी दुःखी माणसाला जो अर्धा तास आणि जे बंद दार हवे, ते त्याच्या घराने, शाळेने आणि गावाने द्यावयाचे आहे.

चर्चेसाठी व अभ्यासासाठी प्रश्न

१. उपदेश व संवादोपचार यांतील फरक आपल्या अनुभवातील उदाहरण देऊन सांगा.

२. आपल्या गावात कोणी न ऐकता अर्धा तास बोलता येईल अशी जागा कोणती? नसल्यास ती कशी निर्माण करता येईल?

३. मनाची व्यथा सांगण्यासाठी आपल्या बोलीत कोणकोणते शब्द व वाक्प्रचार वापरले जातात? त्यांची यादी करून आशा कार्यकर्तीस द्या.

४. पती-पत्नींची एकत्रित बैठक कोणत्या परिस्थितीत टाळावी व का?

५. परीक्षेच्या निकालाच्या आठवड्यात आपल्या शाळेने कोणती व्यवस्था करावी, याचा आराखडा शिक्षक व पालक यांनी मिळून तयार करा.